माप खाली लिहिलं आहे

जुनी साडी ऑनलाइन विकायला टाकताना मी तिच्याविषयी सगळं लिहिते. लांबी, रुंदी, ब्लाउजपीस जोडलेला की कापलेला, फॉल-पिको झालंय का, जर खरी की टेस्टेड. डाग असेल तर तो हळदीचा की तेलाचा हेही लिहिते. डागाचा वेगळा फोटो काढते आणि शेजारी रुपयाचं नाणं ठेवते, म्हणजे आकार कळावा. एवढं केल्यावर पहिला मेसेज येतो, ‘हाय’. दुसरा येतो, ‘साईज?’

साडीची साईज! सहावारी साडी साडेपाच मीटरच्या आसपास असते, नऊवारी आठ मीटरच्या पुढे. ते मी लिहिलेलं असतं, फोटोच्या बरोबर खाली, मराठीत आणि हिंदीतही. तरी मी नम्रपणे उत्तर देते. मग समोरची व्यक्ती निघून जाते, ती कायमची. नको असेल तर नको म्हणावं. ‘नको ताई’ या दोन शब्दांना पैसे पडत नाहीत, आणि तेवढ्या वेळात ती साडी दुसऱ्या कुणाला तरी देता आली असती.

घासाघीस करण्याला माझा विरोध नाही. आपल्याकडे जुन्या कपड्यांचा धंदा घासाघिशीवरच उभा आहे. बोहारीण दारात बसायची तेव्हा ती प्रत्येक कापड उजेडात धरायची, शिवण ओढून बघायची, काखेतला भाग पालथा करायची, पॅंटची चेन वरखाली करायची. मग म्हणायची, याच्यावर वाटी येईल, पातेलं येणार नाही. घरातली बाई वाटीवर झाकण मागायची. दुपार जायची, पण कापड दोघींनी बघितलेलं असायचं. तेच कपडे पुढे दिल्लीच्या रघुबीर नगरच्या बाजारात, आणि फाटकी लोकर पानिपतच्या गिरण्यांपर्यंत जायची. आता मात्र ‘लास्ट कितीले देसान?’ हा प्रश्न रात्री अकराला येतो, तोही फोटो न उघडता. भाव आधी पाडायचा आणि वस्तू नंतर बघायची, ही कुठली रीत?

त्यात एक वाक्य हमखास येतं, ‘वापरलेलीच आहे ना, मग एवढे कशाचे?’ साडी मी विकत घेतलेली असते. ती ड्रायक्लीनला जाते, उसवलेला फॉल पुन्हा लागतो, इस्त्री होते, फोटो काढावे लागतात, पिशवी, खोकं आणि कुरियर. त्या कुरियरच्या फॉर्मात माझं वाशीम शोधलं की अजून अकोला येतं. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, तेव्हा जन्मलेली मुलं आज माझ्याकडून लग्नाचे शालू घेतात. एवढं झाल्यावर जे उरतं तो नफा, आणि तो घेण्यात मला काही गैर वाटत नाही. दुकानदाराला कोणी विचारत नाही की तुम्ही नफा का घेता.

‘वजन किती?’ असं विचारणारं गिऱ्हाईक मी लगेच ओळखते. त्याला साडी नेसायला नको असते. खऱ्या जरीत चांदी असते, जर जाळली की ती हाती लागते. गल्लीत ओरडत फिरणारा जरीवाला निदान सांगून घेतो. हे वजन विचारणारे ‘बहिणीच्या लग्नाला हवी’ म्हणून भाव पाडतात. येवल्याच्या मागावर विणलेला पदर जाळायला द्यायचा असता, तर मी त्याचे चार बाजूंनी फोटो कशाला काढत बसले असते?

परत आलेल्या पार्सलचं दुःख वेगळं. ‘रंग फोटोसारखा नाही’ असं कारण लिहिलेलं असतं. घडी उघडावी तर निऱ्यांत अक्षता आणि पदराला अत्तराचा वास. लग्न लागलं, जेवणं झाली, साडी परत. ॲप गिऱ्हाइकाचंच ऐकतं. अक्षतांचा फोटो जोडायला तिथे जागाच नाही.

कराचं तर कोणी समजावूनही सांगत नाही. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला खरेदी-विक्रीतल्या फरकावरच जीएसटी भरण्याची सोय आहे, हे मला फार उशिरा कळलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला नोंदणी न करता ॲपवरून माल विकता येतो, पण राज्याच्या आतच. वाशीम स्टेशनावरून तेलंगणातल्या काचीगुड्याची गाडी रोज जाते. त्या वाटेवर माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी राहतात. माणूस गाडीत बसून जाऊ शकतो, त्याच्यासोबत माझी एक जुनी इरकली विकायला जाऊ शकत नाही. गडचिरोली चालते, निजामाबाद चालत नाही.

हे सगळं मी सोसते. पण बंजारा कांचळ्यांच्या, म्हणजे चोळ्यांच्या, बाबतीत जे चाललंय ते सोसवत नाही. वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे, रामनवमीला तेलंगण-कर्नाटकातूनही माणसं येतात. ५ ऑक्टोबर २०२४ ला तिथे समाजाच्या वारशाचं संग्रहालयही उघडलं. तांड्यातली म्हातारी जी कांचळी घालते, तिच्यावरचा एकेक आरसा आणि एकेक कवडी हातानं टाचलेली असते. अशा कांचळ्या आणि फेटिये, म्हणजे घागरे, घाऊक भावात घेऊन लोक कात्रीनं कापतात. कांचळीची पर्स होते, फेटियाची उशी. मग त्या परदेशी गिऱ्हाइकाला विकायला टाकतात, आणि खाली लिहितात, ‘जुनी, आदिवासी, भारत’.

तांडा कुठला, लिहीत नाहीत. टाके कुठले जुने, अस्तर कुठलं नवं, आरसे काचेचे की प्लॅस्टिकचे, लिहीत नाहीत. कर्नाटकात संडूरच्या लंबाणी, म्हणजे तिथल्या बंजारा, भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालंय; तिथल्या बायकांचं काम त्यांच्या गावाच्या नावानं विकलं जातं. आपल्या मानोऱ्यातल्या कांचळीला जिल्ह्याचंसुद्धा नाव नाही. माझ्याकडे आलेली कांचळी मी अखंडच विकते. कुठून आली, कोणत्या तांड्यातली, कुठे दुरुस्त केली, कोणता आरसा बदलला, सगळं लिहिते. शिवणाऱ्या आजीनं परवानगी दिली तर तिचं नावही लिहिते.

परवा अशाच एका कांचळीखाली कोणीतरी विचारलं, ‘याची उशी करून मिळेल का?’ मिळणार नाही. छातीचं, खांद्याचं आणि बाहीचं माप खाली लिहिलं आहे.