जागा झाली, आवाज गेला

नामपूरच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव उरकला, की शेजारच्या चहाच्या टपरीवर सल्ल्यांचा लिलाव सुरू होतो. इथे बोली कायम चढती असते आणि पैसे कुणालाच मोजावे लागत नाहीत. परवा या लिलावात आप्पांचा मोबाइल आला. ‘स्टोरेज फुल’ अशी पाटी झळकताच आप्पांनी काटकसर केली आणि आवाज रेकॉर्ड करायचं अ‍ॅप काढून टाकलं. त्यात त्यांच्या आईने हळदीला म्हटलेली अहिराणी गाणी होती. ‘शुभ सकाळ’चे गुलाब मात्र एकूणएक शाबूत. कुणी पाठवलेलं पुसायचं कसं? माणसं दुखावतात.

“काय जयं, आप्पा?” म्हणत तज्ज्ञ जमले. पहिल्याचा आदेश निघाला, अ‍ॅप परत टाका. टाकलं. त्याने आप्पांना कोण, कुठले असं विचारत नव्याने माइकची परवानगी मागितली. दुसरा म्हणाला, फोन बंद करून चालू करा. ट्रॅक्टरपासून सरकारी सर्व्हरपर्यंत आपल्याकडे हाच उपचार चालतो. तिसऱ्याने रामबाण काढला: रिकव्हरी अ‍ॅप! त्याने आधी आप्पांचे फोटो, संपर्क आणि ठावठिकाणा मागितला. मग बराच वेळ चक्र फिरवून जुन्या फोटोंच्या बारक्या प्रती शोधून काढल्या, त्यातही पुन्हा गुलाब. बाकीचं पाहायचं तर म्हणे पैसे भरा.

आता या खेळात एक गंमत आहे. २०२० साली आलेल्या अँड्रॉइड ११ पासून बरीचशी अ‍ॅप आपला माल आपल्याच खासगी फोल्डरात ठेवतात. अ‍ॅप काढलं की फोन तो फोल्डरही झाडून टाकतो. सामायिक फोल्डरात जतन केलेली फाइल तेवढी वाचते. शिवाय आतलं सगळं कूटबद्ध, आणि मोकळी झालेली जागा फोन लगेच नव्या मालाला देतो. म्हणजे हरवलेलं शोधायला बोलावलेलं अ‍ॅपच त्याच जागेवर पथारी पसरतं. तरीही त्याला पाच तारे देणारे आहेतच. आशेला कुठे जीएसटी लागतो?

हाच आपला बागलाणचा शेतकरी उन्हाळ कांदा चाळीत भरताना जोडकांदा वेगळा काढतो, डेंगळा वेगळा काढतो, खालून वारा खेळतो का ते वाकून बघतो. का, तर भाव आज नाही तर दिवाळीला मिळेल. आईच्या आवाजाला भाव नसतो, म्हणून त्याला चाळही नसते.

अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्राच्या गावागावांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या हजारो कॅसेटवर उतरल्या आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात. दळणाऱ्या बायांचा आवाज फीत गुंतणाऱ्या कॅसेटमधून तरला. आमच्या आप्पांच्या फोनला तीन कॅमेरे आहेत, तो चेहरा ओळखतो, पावलं मोजतो, फक्त आई सांभाळत नाही.

अखेर आप्पांच्या शाळकरी नातीने विचारलं, “आबा, ही गाणी कुणाला पाठवली होतीत का?” टपरीवर शांतता पसरली. इतका बिनखर्चाचा प्रश्न तज्ज्ञाला कसा सुचणार? सुरतच्या आत्याला फोन लागला. आत्याकडे सगळी गाणी जागच्या जागी होती, कारण आत्याला डिलीट करताच येत नाही.

तर नामपूरकरांनो, क्लाउडवर बॅकअप घ्या, एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. आणि घरातल्या एका तरी म्हाताऱ्या माणसाला मोबाइल नीट शिकवू नका.