परमनंट

चाकणच्या कंपनीत लागलो तेव्हा मी मनाशी दोन भाषणं तयार ठेवली होती. आम्ही मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती. 'कुणी विचारलं तर धड सांगता आलं पाहिजे,' ही आईची शिकवण. पहिलं भाषण, देवाचं वचन जिवंत आहे म्हणजे काय. दुसरं, देव माणूस झाला म्हणजे काय. याला आम्ही देहधारण म्हणतो. दोन्ही विषय जड, त्यामुळे ऐकणारा आधी थक्क होईल, मग शंका काढील आणि मग मी उत्तर देईन, असा माझा बेत होता.

पण थक्क व्हायलाच कुणी तयार होईना.

माझ्या शेजारच्या मशीनवर देहूकडचे एक माळकरी ऑपरेटर होते. सगळे त्यांना माउली म्हणत आणि तेही सगळ्यांना माउली म्हणत, अगदी क्वालिटीवाल्याने जॉब रिजेक्ट केला तरी. मी नाताळची सुट्टी मागितल्यापासून मला मात्र त्यांनी 'पाद्रीबुवा' करून टाकलं. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून नव्हती. पूर्वी कुठल्याशा वर्कशॉपात कॉन्ट्रॅक्टवर असताना प्रेसमध्ये गेली, एवढंच ते सांगत. चहाचा कप ते उरलेल्या तीन बोटांत धरत.

एकदा चहाच्या सुट्टीत मी पहिलं भाषण काढलं. "माउली, आमचं पवित्र शास्त्र म्हणजे नुसतं पुस्तक नव्हे. ते जिवंत आहे."

माउलींनी बिस्किट चहात बुडवलं. "असणारच. जिवंत नसतं तर आमची गाथा इंद्रायणीतून वर आली असती का? तेरा दिवस तुकोबा काठावर उपाशी बसले होते, पाद्रीबुवा."

एवढं बोलेपर्यंत बिस्किट तळाला गेलं. ते वर आलं नाही.

मी पुढे काय बोलणार? जिवंत पुस्तकांची आमच्याकडेही वाण नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात मराठीतून ख्रिस्तपुराण रचलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या. 1616 साली ते छापलं, नंतर 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा छापलं. आज त्या तिन्ही छापांची एकसुद्धा प्रत कुठे सापडत नाही. पुस्तक तगलं ते लोकांनी हातांनी उतरून घेतलेल्या वह्यांत आणि गाणाऱ्यांच्या गळ्यात. 1907 साली मंगळूरला ते पुन्हा छापून निघालं. हे त्यांचं तेरा दिवसांचं गणित नव्हे, पण बुडून वर येणंच की!

आणि आजीचं बायबल. पंडिता रमाबाईंनी भाषांतर केलेलं. भागवत ज्यांना तोंडपाठ, त्या बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या, कारण खेड्यातल्या बाईला कळेल असं मराठी बायबल त्यांना हवं होतं. त्यांच्या केडगावच्या मुक्तिसदनात बायकांनीच छपाईचे खिळे जुळवले. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं ते 1924 साली. आजी ते पुस्तक वाचत नसे, त्याच्याशी बोलत असे. एखाद्या दिवशी ते मिटून म्हणे, "आज शास्त्र माझ्यावर रागावलंय." मग दुपारपर्यंत ती सुनेशी फार गोड वागे. वचन जिवंत असल्याचा याहून सज्जड पुरावा आमच्या आईला कधी मागावा लागला नाही.

दुसरं भाषण मी कंपनीच्या बसमध्ये काढलं. तळेगाव चौकात बस अर्धा तास उभी होती. तिथे देहधारणच काय, अख्खा जुना करारसुद्धा सांगून झाला असता.

"आमची श्रद्धा अशी, की देव माणूस झाला."

"कुठल्या घरात?" माउलींनी विचारलं. कसं शक्य आहे, असं नाही, कुठल्या घरात!

मग त्यांनीच मला चिंचवडची गोष्ट सांगितली. मोरया गोसावींच्या घराण्यात सात पिढ्या गणपती नांदला, ही तिथली जुनी श्रद्धा. तुकोबांनी मोरयांच्या मुलाला, चिंतामणींना, 'देव' म्हटलं, तेव्हापासून घराण्याचं आडनावच देव पडलं, असं सांगतात. म्हणजे मी ज्या गावात भाड्याने राहतो, त्या गावात देव हे आडनाव आहे आणि मी त्याच भागातल्या माणसाला देव माणूस होतो हे पटवायला निघालो होतो! आमचे कवी रेव्हरंड टिळक म्हणत, आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. त्या पुलावर दोन्ही बाजूंनी वाहतूक चालते, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"काय काम करायचे तुमचे देव?" माउलींनी विचारलं.

"सुतारकाम. तिशीपर्यंत."

इथे पहिल्यांदा माउली थक्क झाले. "हाताने?"

"हाताने. भूक लागायची, दमायचे. एकदा होडीत वादळ चालू असताना झोपले होते."

"सेकंड शिफ्ट करून आले असतील," माउली म्हणाले. चेष्टेने नाही. मग बराच वेळ खिडकीबाहेर कंटेनरकडे बघत राहिले आणि म्हणाले, "एक सांगा. माणूस झाले ते परमनंट, का कॉन्ट्रॅक्टवर? काम झालं की परत देव, असं?"

या प्रश्नाची तयारी माझ्या भाषणात नव्हती. रविवारी उपासना झाल्यावर पाळकसाहेबांना गाठलं. ते आधी हसले, मग खुर्ची ओढून बसले. 451 साली आजच्या तुर्कस्तानात खाल्केदोनला धर्माचार्यांची मोठी परिषद भरली होती, तिच्यापासून त्यांनी सुरुवात केली. तिने ठरवलं, ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. दोन्हींची सरमिसळ नाही, फारकतही नाही. मी ते माझ्या भाषेत लावून घेतलं. वरून माणसाचं प्लेटिंग आणि आत देव, असं नाही. दोन धातू वितळवून केलेला अ‍ॅलॉय, असंही नाही. "आणि पुनरुत्थानानंतर त्याने शिष्यांना हात दाखवले," पाळकसाहेब म्हणाले, "स्वर्गात गेला तोही देहासकट. माणूसपण उतरवून ठेवलं नाही."

सोमवारी फर्स्ट शिफ्ट होती. चहाच्या गाडीपाशी मी माउलींना गाठलं.

"परमनंट," मी म्हटलं.

"पक्कं?"

"पक्कं. पाळकसाहेबांना विचारून आलोय. मेल्यातून उठले तेव्हाही हातांना खिळ्यांच्या खुणा होत्या."

"देव असून? बुजल्या नाहीत?"

"नाही."

माउलींनी कप उजव्या हातात घेतला. डावा हात पुढे धरून उलटासुलटा करून पाहिला, नवा जॉब तपासतात तसा.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "त्या जात नाहीत."

तेवढ्यात भोंगा झाला. त्यांनी पुड्यातलं शेवटचं बिस्किट मला दिलं आणि मशीनकडे गेले.