नवरा छो?

डहाणूच्या बाजारात एका गुजराती दुकानदारानं नव्यानं बदलून आलेल्या मास्तरांना विचारलं, "नवरा छो?" मास्तर लाजले. म्हणाले, "नाही, घरचे स्थळं बघतायत." गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा, सवड असलेला. दुकानदाराला मराठीतलं एक पत्र वाचून हवं होतं. घोटाळा उलगडला तेव्हा तो पोट धरून हसला, चहा मागवला, आणि पत्र राहिलं बाजूला. मास्तरांना अर्थ ठाऊक असता तर पत्र वाचून ते पाच मिनिटांत निघून गेले असते.

या पट्ट्यात चुकणारा माणूस मला मोठा वाटतो. कोश न उघडता शेजाऱ्याचा शब्द आपलाच समजायचा हा वेडेपणा खराच. पण शेजारी परका नाही हे त्यात धरलेलंच असतं. १ मे १९६० रोजी ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यातली बरीच गावं गुजरातेत गेली, तलासरीकडची इकडे राहिली. शब्दांची वाटणी कुणी केली नाही. इकडे 'हवे' म्हणजे पाहिजे, तिकडे 'हवे' म्हणजे आता. तहानलेला "पाणी हवे" म्हणतो, पलीकडचा "पाणी, आत्ता" असं ऐकतो. तांब्या उलट लवकर येतो. "वार लागशे" ऐकून मराठी माणूस दचकतो, तेव्हा समोरचा फक्त उशीर होईल असं सांगत असतो.

सगळ्यात लोभस 'मारा'. मराठीत तो हाणायचा हुकूम, संस्कृतातल्या 'मृ' धातूपासून आलेला. गुजरातीत 'मारा' म्हणजे माझे, अपभ्रंशातल्या 'महारा'चा वंशज. "मारा भाई" म्हणत कुणी मिठी मारायला आला तर आपण आधी हात आडवा धरतो. गंमत अशी की हेमचंद्रानं बाराव्या शतकातल्या आपल्या व्याकरणात दिलेल्या एका अपभ्रंश दोह्यात या दोन्ही शब्दांचे पूर्वज एकत्र आहेत: आपला माणूस लढताना मारला गेला ते बरंच झालं, असं एक बाई बहिणीला सांगते. 'मारिआ' आणि 'महारा' तिच्या एकाच वाक्यात आहेत. आठशे वर्षांपूर्वी ते ओळखीचे होते. इथे बाजारात पुन्हा भेटतात, इतकंच.

मास्तरांचं पुढं लग्न झालं. दुकानदार वऱ्हाडात होता. अक्षता पडल्यावर त्यानं मास्तरांचा हात हातात घेतला आणि एक शब्द आपला, एक त्यांचा घेऊन म्हणाला, "हवे नवरा!"