मिलिमीटरराव

गाडी खाली बसवून तिला दुसऱ्याच मॉडेलची चाकं लावणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे सोसायटीच्या वॉचमनपासून चौकातल्या हवालदारापर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. बापाचा पैसा, डोक्यात वारं, आणि एक दिवस कुणाच्या तरी अंगावर गाडी घालणार. माझं म्हणणं याच्या उलट आहे. हा माणूस, त्याला आपण मिलिमीटरराव म्हणू, महाराष्ट्राच्या रस्त्यांवरचा सगळ्यात हिशेबी, सगळ्यात सावध आणि स्पष्टच बोलायचं तर सगळ्यात भित्रा चालक आहे. त्याच्या गाडीकडे बघून हे कळत नाही, कारण गाडी भांडायला निघाल्यासारखी दिसते. कळण्यासाठी ती चाकं तिथवर आली कशी हे बघावं लागतं.

समजा, रावांकडे 2011 नंतरची स्विफ्ट आहे. नवीकोरी मॅगव्हीलं बाजारात ढिगानं मिळतात, पण त्यांना हे हात लावत नाहीत. "तसली कुणीही लावतंय." यांना चाक कंपनीचंच हवं, फक्त ते दुसऱ्या कंपनीचं हवं. मग मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ अशी पायपीट सुरू होते आणि होंडा सिटीची 16 इंची चाकं नजरेत भरतात. उतावळा माणूस तिथंच पैसे मोजून मोकळा झाला असता. रावांची चौकशी मात्र इथून पुढे सुरू होते. नटांच्या भोकांचं वर्तुळ दोन्हीकडे 100 मिलिमीटर, भोकं चार, इथवर जमलं. पण चाकाच्या मधलं भोक सिटीचं 56.1 आणि स्विफ्टचा हब 54.1. म्हणजे 2 मिलिमीटरची पोकळी, म्हणजे चाक मधोमध बसेल याची खात्री नाही, म्हणजे ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरणार. लग्नाच्या पत्रिकाही इतक्या बारकाईनं कुणी बघत नाही. ज्या माणसाला सख्ख्या बहिणीचा वाढदिवस आठवत नाही, त्याला हे आकडे झोपेतून उठवून विचारले तरी दशांशासकट सांगता येतात.

ती पोकळी भरायला रिंग लागते. राव कोल्हापूरचे असतील तर उद्यमनगरात लेथवर ॲल्युमिनियमची कातून घेतात, आणि लेथवाल्याच्या हातातला व्हर्निअर काढून घेऊन स्वतः पुन्हा मोजतात. त्यानंतर नटांचा प्रश्न येतो, आणि हौशी व जाणकार इथं वेगळे होतात. मारुतीच्या नटाचं बूड निमुळतं असतं, होंडाच्या चाकातली खोबण गोलाकार. मारुतीचा नट त्या खोबणीत आवळला तर आवळल्यासारखा वाटतो, पण टेकतो फक्त काठावर, आणि पुढे सैल होऊ शकतो. होंडाचेच नट घ्यावेत, तर त्यांचा आटा 1.5 चा आणि स्विफ्टच्या बोल्टचा 1.25 चा. म्हणून बूड होंडाचं आणि आटा मारुतीचा असे नट शोधायचे. ते मिळाले की लक्षात येतं की डिकीतली स्टेपनी अजून जुनीच, लोखंडी आहे, आणि तिला हे नवे नट चालणार नाहीत. मग एका जुन्या मोज्यात मूळचे चार नट बांधून ते जॅकशेजारी ठेवले जातात. पंक्चरची एवढी पूर्वतयारी बेदरकार माणूस करत नसतो.

मग हे सगळं कशासाठी? दिसण्यासाठी, असं तो स्वतः सांगतो, आणि ते अर्धंच खरं आहे, कारण चालत्या गाडीची चाकं ज्याला कधीच दिसत नाहीत असा रस्त्यावरचा एकमेव माणूस तोच. खरा आनंद जाणकारानं ओळखण्यात असतो. त्यातून चाकाच्या मधल्या टोपीचा पेच उभा राहतो. होंडाची टोपी ठेवली तर बॉनेटवर एक आडनाव आणि चाकावर दुसरं. सुझुकीची टोपी त्या जागी बसत नाही. बहुतेक जण शेवटी साधी काळी टोपी लावतात आणि पेट्रोलपंपावर "ही चाकं कुठली हो?" असं कुणीतरी विचारावं म्हणून पाच मिनिटं जास्त थांबतात.

आता त्याचं चालवणं बघा. त्या स्विफ्टची जमिनीपासूनची उंची कंपनीच्या आकड्यानुसार 170 मिलिमीटर. खालच्या स्प्रिंगा घालून त्यातले 40 गेले. सिटीचा 185/55 टायर 16 इंची असूनही स्विफ्टच्या मूळ 185/65, 15 इंची टायरपेक्षा व्यासानं साधारण 12 मिलिमीटर लहान भरतो, म्हणून आणखी 6 गेले. उरले 124. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. तो राव आरामात ओलांडतील. पण आपल्या गल्लीतला गतिरोधक कार्यकर्त्यांनी रातोरात घातलेला असतो. त्याच्यापुढे राव गाडी तिरकी घेतात, खिडकीतून मान बाहेर काढतात आणि एकेक चाक चढवतात. मागे रिक्षावाल्यानं आख्ख्या खानदानाचा उद्धार केला तरी ते शांत असतात. मागच्या सीटवर तिघं बसले की टायर फेंडरला घासतो, म्हणून मामा-मामींना शिर्डीला न्यायची वेळ आली की राव स्वतः एसटीच्या वेळा काढून देतात. वेगाचं म्हणाल तर टायर लहान झाल्यानं काटा 80 वर असताना गाडी साडेअठ्ठ्याहत्तरच्या आसपास असते. त्याच कारणानं किलोमीटरही दोन टक्के जास्त मोजले जातात, आणि "बघा, ॲव्हरेज वाढलं" असं वडिलांना सांगता येतं.

यावर कुणी म्हणेल, करवतीनं स्प्रिंग कापून गाडी आपटवणारी पोरं आम्ही रोज बघतो, त्यांचं काय? ती पोरं आहेतच. कापलेली स्प्रिंग गाडी जॅकवर घेतली की जागेवर ढिली पडते, आणि ते काम करणाऱ्याला 54.1 म्हणजे परीक्षेतले टक्के वाटतात. तो मिलिमीटरराव नव्हे. फार तर नावाला बट्टा लावणारा चुलतभाऊ. दुसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो वजनदार आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीनं दिलेल्या आणि नोंदणीत आलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. रावांना हे कलमही पाठ असतं. चार चाकं म्हणजे एक फेरफार की चार, एवढीच शंका त्यांची झोप उडवते. मला कायद्याची बाजू पटते, पण रावांमुळे नाही. ते गाडीवर असेपर्यंत सगळं मोजूनमापून चाललेलं असतं. धोका सुरू होतो तो त्यांचं लग्न ठरून गाडी विकायला निघते तेव्हा, कारण गिऱ्हाईक चाकं बघून भाळतं आणि नटांचं विचारत नाही.

तेव्हा अशी गाडी सेकंडहँड घेणार असाल, तर व्यवहार ठरायच्या आधी मूळची चाकं, चारही स्प्रिंगा आणि सोळा नट मागून घ्या. विकले, असं सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. बारा नट माळ्यावर ग्रीस लावून ठेवलेले असतात, आणि चार डिकीतल्या मोज्यात.