गेटचं चालूच आहे, सर!

लोखंडाला आमच्या जिल्ह्यात तोटा नाही. जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिला रात्रंदिवस धगधगत असतात आणि तिथली सळई कुठल्या कुठल्या राज्यांत जाऊन इमारती उभ्या करते. इतक्या लांब पोचणारं हे लोखंड जाफराबादेत मात्र वेल्डिंगच्या दुकानातून निघून माझ्या दारापर्यंत यायला तयार नाही. दुकान ते दार हे अंतर म्हणजे पायी गेलं तर घामसुद्धा येणार नाही.

माप घ्यायला आला तेव्हा मिस्त्रीचा रुबाब बघण्यासारखा होता. टेपचं एक टोक पोराच्या हातात, दुसरं स्वतःकडे. कॉलमवर खडूनं दोन फुल्या मारल्या. कानावरची पेन्सिल काढून कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर आकडे टिपले आणि मग डॉक्टरनं पथ्य विचारावं तसं गंभीरपणे विचारलं, "सर, मोर ठेवायचा का वाघ?" आमच्या हिचा आतूनच आवाज आला, "मोर!" निम्मी रक्कम मी हातावर ठेवली. त्यानं नोटा मोजल्या नाहीत, कपाळाला लावल्या आणि पत्रिकेसकट वरच्या खिशात घातल्या. "सोमवारी फिट करून टाकू." कोणत्या सोमवारी, ते काही बोलला नाही.

तेव्हापासून आमच्या दोन कॉलमांच्या मध्ये एक जुनी बाज आडवी लावलेली असते. गल्लीतल्या शेळ्यांनी पहिल्या आठवड्यात तिचा मान ठेवला. पुढं एका पाटीनं खालून शिरायची वाट शोधली आणि बाकीच्यांना शिकवली. हिची तुळस तीनदा गेली. पोस्टमन मात्र अजूनही बाजेपाशी उभा राहून "गेट उघडा" म्हणतो. सरकारी माणूस आहे, कागदोपत्री गेट असेल अशी त्याची समजूत असावी.

मिस्त्री खोटं बोलतो असं मी म्हणणार नाही. त्याचं प्रत्येक कारण खरं असतं आणि हीच खरी पंचाईत आहे. मृग लागला तेव्हा दुकानापुढं पेरणीयंत्रांची रांग होती. "सर, तुम्हीच सांगा, तुमचं गेट आधी करू का शेतकऱ्याची पेरणी?" माझ्या वडिलांचा जन्म काळ्या रानात गेला. मी काय बोलणार? "पेरणी," म्हणालो आणि आलो परत. मग पोळा आला, त्याचा हेल्पर बैल सजवायला गावी गेला. महालक्ष्म्यांना मिस्त्रीची बायको म्हणाली, या दिवसांत दुकान उघडायचं नाही. सोयाबीन सोंगणीला आलं तसे मळणीयंत्रवाले आले. त्यानंतर लाइट नव्हती. लाइट आली तेव्हा वेल्डिंगचे रॉड संपले होते. माणूस कारणं देत नव्हता, मला पंचांग वाचून दाखवत होता.

एकदा दुकानात गेलो तर भिंतीला टेकून एक गेट उभं! लाल रेडऑक्साइड लावलेलं, मधोमध पिसारा फुलवलेला मोर. "हे काय, तुमचंच," मिस्त्री म्हणाला. मी मोराच्या पाठीवरून हात फिरवला, बोटं लाल करून घरी आलो आणि हिला दाखवली. दोन दिवसांनी तोच मोर आमच्या समोरच्या घरात नाचायला लागला. चौकशी केली तेव्हा कळलं, समोरच्या अण्णांनी त्याला एक रुपयासुद्धा दिलेला नव्हता. "आधी गेट आण, मग पैशाचं बघू," एवढंच म्हणाले होते.

इथं मला सगळा हिशेब उलगडला. माझ्या इसारावर मिस्त्रीनं लोखंडाच्या दुकानदाराची जुनी उधारी फेडली आणि त्या पतीवर अण्णांच्या गेटचं अँगल नि पाइप उचललं. माझ्या गेटचं लोखंड यायचंय ते पुढच्या गिऱ्हाइकाच्या इसारातून. म्हणजे माझा मोर अजून दुकानाची पायरी न चढलेल्या कुणा अनोळखी माणसाच्या खिशात आहे. आणि मिस्त्रीच्या बाजूनं बघाल तर तो चुकत नाही. ज्याचे पैसे आले ते काम संपलं, ज्याचे यायचेत ते काम चालू. पैसे देऊन मी रांगेत पहिला नंबर लावला असं समजत होतो, पण नंबर लागला तो शेवटून.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' हा ग्रंथ 1915 सालचा. त्यातल्या गावात सुतारानं वर्षभर नांगर-पाभर सांभाळायची आणि सुगीला खळ्यावर येऊन बलुतं न्यायचं. आधी काम, मग दाणे. आता उलट झालंय. अर्थात आगाऊ पैसा सगळ्यांनाच असा मानवतो असं नाही. याच मराठवाड्यातला ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत फडात थंडीत राबतो. त्याला कुणी "सोमवारी बघू" म्हणू देत नाही.

पगार घेऊन काम न करणारे मोठमोठ्यांनाही भेटलेत. आमच्या केळना नदीच्या काठानं वर गेलं की केळना आणि जुई यांच्या बेचक्यात असई लागतं. 23 सप्टेंबर 1803 ला तिथं वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. शिंद्यांनी कवायती पलटणींसाठी गोरे अंमलदार पोसले होते, तेही भरपूर पगारावर. इंग्रजांच्या कंपनीनं जाहीरनामा काढला, या बाजूला याल तर पगार आम्ही देऊ, आणि त्यातले काही लढाईआधीच चालते झाले. तोफांपाशी शेवटपर्यंत उभे राहिले ते साधे गोलंदाज. दौलतराव शिंद्यांची ही गत, तिथं माझ्या गेटाला कोण विचारतो!

कायदा आहे, नाही असं नाही. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू आहे. जालन्याला जिल्हा आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क लागत नाही, 1915 या नंबरावर फोनही करता येतो. गावगाड्याचं साल आणि हा नंबर एकच निघावा, हा योगायोग मला उगाच आवडला. पण तक्रार म्हटली की पुरावा आला. आमच्या व्यवहाराचा एकमेव कागद म्हणजे ती लग्नपत्रिका, आणि ती मिस्त्रीच्या खिशात आहे. त्या लग्नातल्या जोडप्याला आता मूलही झालं असेल.

सध्या मिस्त्री रोज संध्याकाळी आमच्या गल्लीत येतो. अण्णांनी अजून पैसे दिलेले नाहीत, त्यामुळं वसुलीला यावं लागतं. अण्णा त्याला चहा पाजतात आणि म्हणतात, "सोमवारी बघू." जाताना तो बाजेपलीकडून मला हात करतो, "गेटचं चालूच आहे, सर!" तेव्हा तुमचं काही वेल्डिंगचं काम असेल तर दुकानात हेलपाटे घालू नका, सहाच्या सुमाराला सरळ आमच्या गल्लीत या. तो हमखास भेटतो. आणि खुशाल ॲडव्हान्स द्या, माझं गेट त्यातूनच व्हायचंय.