ट्यूलिपअण्णा

घट बसले की सोलापूरच्या भवानी पेठेत दोन गोष्टी ठरलेल्या. रूपाभवानीच्या देवळाकडे पहाटेपासून माणसांची रीघ लागते आणि, गेल्या वर्षापर्यंत तरी, ट्यूलिपअण्णा फ्रीजमधला भाजीचा कप्पा रिकामा करायला घेत. कोथिंबीर, मिरच्या, अर्धा कोबी असा सगळा संसार ओट्यावर येई. कप्प्यात कागदी पिशव्या जात. मग संक्रांतीपर्यंत तिथं कुणी हात घालायचा नाही.

छंदानं झपाटलेलं असं माणूस प्रत्येक पेठेत एखादं तरी निघतंच. कुणी कबुतरं उडवतो, कुणी जुनी घड्याळं उघडून बसतो. अण्णांना कंदांनी धरलं, त्याला कारण सिनेमा. १९८१ साली ‘सिलसिला’ आला तेव्हा सगळ्या पेठेनं अमिताभ आणि रेखा पाहिले. अण्णांनी मागची फुलं पाहिली. ती फुलं हॉलंडमधल्या कॉयकेनहॉफच्या ट्यूलिप बागेतली. पुढं घरचे यंत्रमाग पोरांच्या हाती गेले, गच्ची अण्णांच्या ताब्यात आली आणि एके दिवशी मोबाइलवर दहा कंदांचं पाकीट दिसलं.

पहिल्या वर्षी अण्णांनी पाकिटावरच्या सूचना पोथीसारख्या पाळल्या. थंडी सुरू होण्याआधी लावा, हिमापासून जपा, वर गवताचं पांघरूण घाला. सूचना लिहिणाऱ्यानं सोलापूर पाहिलेलं नव्हतं. इथं डिसेंबरातही रात्रीचा पारा पंधराच्या आसपास रेंगाळतो. दहाच्या खाली गेला तर पेपरात बातमी येते. तरी अण्णांनी ज्वारीचा कडबा आणून कुंड्या झाकल्या आणि वर सोलापुरी चादर टाकली. घरचीच, डबल.

“काय करलालाव अण्णा?” शेजारच्या पोरानं विचारलं.

“थंडी लागू नये म्हणून.”

“कुणाला बे?” पोरगं आपल्या मित्राला म्हणालं आणि दोघं जिना उतरून पळाली. कडबा शेळीनं खाल्ला. चादर घरच्यांनी परत नेली. फेब्रुवारीत पानं आली, कळ्या मात्र मातीलगतच अडकून पडल्या आणि तिथंच वाळल्या.

चूक उलट्या बाजूनं झाली होती. ट्यूलिप मूळचं मध्य आशियातल्या डोंगराळ मुलखातलं, तिएनशानच्या बाजूचं. कळी कंदाच्या पोटात आधीच तयार असते, पण दांडा उंच व्हायचा तर कंदाला साधारण १२ ते १६ आठवडे नऊ अंशांखालची थंडी मिळावी लागते. म्हणजे सोलापुरात थंडीपासून कंद वाचवायचे नाहीत, कंदांसाठी थंडी तयार करायची. हे कळलं त्या दिवशी अण्णांनी फ्रीजकडे वेगळ्याच नजरेनं पाहिलं, आणि घरच्यांनी अण्णांकडे.

तिथून पुढचा इतिहास तहांचा आणि तहभंगांचा. पिकत्या फळांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि त्यानं कंदातली कळी मरते, म्हणून हिवाळाभर फ्रीजमध्ये सफरचंद, केळी, पेरू यांना बंदी. आजाऱ्याला भेटायला आलेल्या पाहुण्यांची सफरचंदं अण्णा दारातच कापून वाटत. कोजागिरीला दुधाचं पातेलं आत जायला चार बोटं कमी पडत. बर्फाच्या खणात कंद टाकले तर गोठून मऊ पडतात, ओल लागली तर बुरशी धरते. त्यामुळं पिशव्यांना भोकं पाडलेली आणि प्रत्येकीवर मराठी, तेलुगू, कन्नड अशा तीन भाषांत लिहिलेलं: ‘हा कांदा नाही.’

तरी एकदा व्हायचं ते झालंच. घाईच्या सकाळी दोन कंद चिरून फोडणीत पडले. अण्णा धावले. ट्यूलिपचा कंद पोटाला बाधू शकतो हे आधी सांगायचं सोडून त्यांनी इतिहासच सुरू केला: १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी रसद तोडली तेव्हा हॉलंडच्या लोकांनी हेच कंद मधला कोंब काढून, शिजवून खाल्ले होते, आणि त्याआधी तीनशे वर्षांपूर्वी तिथंच एकेका कंदाचे भाव असे चढले होते की १६३७ च्या फेब्रुवारीत बाजार कोसळला.

“दुष्काळ पडू द्या, मग बघू,” म्हणत वहिनींनी कढई मोरीत रिकामी केली.

कांद्याचा विषय या घरात असाही नाजूकच. मेव्हणे मोहोळचे, कांदा लावणारे. हिवाळ्यात सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याच्या शेकडो गाड्या उतरतात तेव्हा सौद्यासाठी येतात आणि मुक्कामाला इथंच. कांद्याच्या रोपाला थंडी जास्त लागली की तेही फुलावर येतं. डेंगळे निघतात, मधला दांडा जाड होतो आणि तो माल बाजूला काढावा लागतो. “तुमच्या रानात जे आलं की तुम्ही कपाळाला हात लावता, तेच यावं म्हणून मी विजेचं बिल भरतोय,” अण्णा त्यांना समजावतात. मेव्हणे मान डोलावतात आणि अंगणात जाऊन तंबाखू मळतात.

संक्रांतीला गड्ड्याची जत्रा सुरू झाली, नंदीध्वज निघाले, की कंद बाहेर येतात. भुसभुशीत मातीत, निचरा होईल अशा कुंडीत, टोक वर करून. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणं या शहरात दुसऱ्या कुणाच्या सोयीचं असेल असं वाटत नाही. ट्यूलिपच्या ते पथ्यावर पडतं. कुंड्या पूर्वेच्या भिंतीशी, दुपारी सावलीत. ऊन तापलं तर मातीवर बर्फाचे खडे. शिवरात्रीच्या आगेमागे दहातली सहा-सात फुलं उमलतात, तीही वीतभर उंचीची. सकाळी मिटलेली, देखणी. दुपारी पारा तिशीपार गेला की पाकळ्या अशा फाकतात की आतलं सगळं दिसावं. तिसऱ्या दिवशी संपलं. एवढ्या अवधीत गल्ली गच्चीवर येऊन फोटो काढून जाते. “बाजारात गुलछडी किती स्वस्त मिळते!” हेही कुणीतरी म्हणतंच.

जिन्याखाली मे फ्लॉवरची एक कुंडी पडलेली असते. तोही कंदच, मूळचा आफ्रिकेचा. हिवाळाभर पानं गळून, पाण्यावाचून झोपतो आणि मेच्या भट्टीत लाल चेंडू घेऊन वर येतो. त्याचं कौतुक केलं की अण्णा गप्प होतात. फार आग्रह केला तर म्हणतात, “त्याला विश्रांती मीच दिली की.”

ट्यूलिपचा जुना कंद फूल देताना खर्ची पडतो. नवा भरायचा तर फुलांनंतर पानांना कित्येक आठवडे गार हवा हवी. सोलापूरचा मार्च ती कुठून देणार? उरतात त्या लसणाच्या पाकळीएवढ्या गाठी. अण्णा त्याही जाळीच्या पिशवीत भरून, तारीख घालून माळ्याला टांगतात, आणि श्रावणात गुपचूप नवं पाकीट मागवतात.

गेल्या वर्षी घरच्यांनी निर्वाणीचं सांगितल्यावर अण्णांनी एक जुना फ्रीज विकत घेऊन जिन्याखाली बसवला. फक्त कंदांसाठी. संक्रांतीनंतर तो रिकामाच, हे गल्लीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. आधी कुणाचं दही आलं, मग कैरीचं पन्हं, मग लग्नघरचं आइस्क्रीम. आता पौष लागला की पेठेतल्या बायका अण्णांना आवर्जून विचारतात. फुलं कधी येणार ते नाही. कंद नक्की कुठल्या तारखेला बाहेर निघणार ते. खालच्या कप्प्यावर ताकाच्या मडक्याचा नंबर लागलेला आहे.