करार मोडल्यावर

भारतात करारभंगाची भरपाई १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७३ ठरवते. बाजारात ती आधी फोनवर ठरते. "उद्या नक्की, शेठ" हा पहिला टप्पा. दुसऱ्यात माल ट्रकमध्ये चढलेला असतो, ट्रक मात्र कोणी पाहिलेला नसतो. तिसऱ्यात फोन पुतण्या उचलतो. मग ५०० रुपयांच्या मुद्रांकावरचा करारनामा कपाटातून निघतो आणि प्रथमच वाचला जातो. त्यात दर दिवसाला जबर दंड सापडला की मालकाला हुरूप येतो. पण कलम ७४ नुसार ती रक्कम म्हणजे कमाल मर्यादा, हाती पडते ती वाजवी भरपाई. नुकसान आटोक्यात ठेवायची खटपटही ज्याचे नुकसान झाले त्यानेच करायची, म्हणजे दुसरीकडून माल उचलायचा आणि बिल जपायचे. उडालेली झोप कायदा मोजत नाही. वकिलाच्या नोटिशीला "आपले संबंध घरचे आहेत" असे उत्तर येते. घरच्या संबंधांत बिलाचे पैसे कधी द्यायचे, हे त्यात नसते. दावा लावण्याची मुदत सर्वसाधारणपणे भंगापासून ३ वर्षे. तोंडी आश्वासनांनी ती वाढत नाही; मुदतीच्या आत सहीनिशी लेखी कबुली मिळाली, तर ती नव्याने मोजली जाते.